उत्तरेची मुले, दक्षिणेची विद्यापीठे

अमेरिकेत शाळा संपवून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांचा ओघ गेल्या वीस वर्षांत दक्षिणेकडे वळला आहे. न्यू जर्सी, इलिनॉय, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स या राज्यांतली मुले पूर्वी आपल्याच भागातल्या खासगी महाविद्यालयांत, नाहीतर शेजारच्या राज्याच्या विद्यापीठात जात. आता त्यांच्या यादीत अलाबामा, टेनेसी, साउथ कॅरोलायना, मिसिसिपी, जॉर्जिया, फ्लोरिडा इथली मोठी सरकारी विद्यापीठे हटकून असतात. वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकाने २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याच्या आकडेवारीवरून हिशेब मांडला. उत्तरेतून दक्षिणेच्या सरकारी विद्यापीठांत जाणाऱ्यांची संख्या दोन दशकांत ८४ टक्क्यांनी वाढली, आणि २०१८ ते २०२२ या चारच वर्षांत ती ३० टक्क्यांनी चढली, असे त्यात आढळले. दक्षिण म्हणजे ढोबळमानाने व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंतचा, १८६०-६१ मध्ये संघराज्यातून फुटून निघालेला प्रदेश.

या ओढीची कारणे विचारली की तीन उत्तरे ठरलेली असतात: ऊन, फुटबॉल आणि स्वस्ताई. पैकी ऊन १९६० सालीही होते. फुटबॉलही होता, आणि तेव्हाही शनिवारी मैदाने भरत. तरीही बॉस्टन किंवा शिकागोच्या मध्यमवर्गीय घरातले मूल अलाबामा विद्यापीठाच्या टस्कलूसाला शिकायला जात नव्हते. तेव्हा बदलले ते दुसरेच काही. दक्षिणेतल्या राज्य सरकारांनी आणि विद्यापीठांनी फी, शिष्यवृत्ती आणि प्रवेश यांबाबत १९९० नंतर घेतलेले निर्णय हे या स्थलांतराचे मूळ आहे. ऊन आणि फुटबॉल यांनी त्या निर्णयांची जाहिरात केली.

ही विद्यापीठे नवी नाहीत. जॉर्जिया विद्यापीठाची सनद १७८५ ची, नॉर्थ कॅरोलायनाची १७८९ ची; मात्र वर्ग आधी सुरू झाले ते नॉर्थ कॅरोलायनात, १७९५ मध्ये. देशातले सर्वात जुने सरकारी विद्यापीठ कोणते, हा वाद त्यामुळे दोन्हीकडचे माजी विद्यार्थी अजूनही चवीने घालतात. जेफरसनने व्हर्जिनिया विद्यापीठ १८१९ मध्ये स्थापन केले. पण यादवी युद्धाने हा सारा प्रदेश कंगाल झाला. अलाबामा विद्यापीठाच्या बहुतेक इमारती एप्रिल १८६५ मध्ये, युद्ध संपायला काही दिवस उरले असताना, उत्तरेच्या सैन्याने जाळल्या. १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी राज्यांना केंद्राकडून जमिनी मिळाल्या. बंडखोर राज्यांना त्याचा लाभ युद्धानंतर झाला, आणि त्यातून १८७६ मध्ये टेक्सास ए अँड एम सुरू झाले. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने एक अट घातली: कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळे महाविद्यालय चालवा. दक्षिणेने एकमुखाने दुसरा पर्याय निवडला. फ्लोरिडा ए अँड एम, अलाबामा ए अँड एम अशा संस्था त्या व्यवस्थेत वाढल्या, आणि त्यांना पैसे देताना राज्यांचा हात कायम आखडता राहिला.

उत्तरेतल्या घरांना दक्षिणेची विद्यापीठे शतकभर नकोशी वाटली, त्याचे कारण इथे आहे. ऑथरिन ल्युसी ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी फेब्रुवारी १९५६ मध्ये अलाबामा विद्यापीठात दाखल झाली. तीन दिवस तिने वर्गांना हजेरी लावली. मग जमावाने धुमाकूळ घातला आणि विद्यापीठाने तिच्याच सुरक्षिततेचे कारण देऊन तिला बाहेर काढले. १९६१ मध्ये शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स जॉर्जिया विद्यापीठात शिरले. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ यांच्या प्रवेशावरून मिसिसिपी विद्यापीठाच्या आवारात दंगल पेटली, त्यात दोघांचा बळी गेला आणि हजारो केंद्रीय सैनिक उतरवावे लागले. पुढच्याच वर्षी अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विद्यापीठाच्या दारात आडवे उभे राहिले, आणि ते दृश्य साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. ज्या विद्यापीठाची देशाला ओळख अशा चित्रांतून झाली, तिथे उत्तरेतले आईबाप मुलाला चार वर्षे ठेवायला धजावत नव्हते. ही भीती ओसरायला एक अख्खी पिढी जावी लागली. आज अलाबामाच्या आवारातल्या एका इमारतीला ऑथरिन ल्युसी यांचे नाव आहे. ते २०२२ मध्ये दिले गेले, त्यांच्या मृत्यूच्या जेमतेम काही आठवडे आधी. आधी त्या इमारतीला असलेले नाव कू क्लक्स क्लॅनशी संबंधित एका गव्हर्नरांचे होते.

दरम्यान दक्षिणेकडे पैसा आणि माणसे येऊ लागली होती. वातानुकूलन घरोघर आले, महामार्ग झाले, कारखाने कमी मजुरीच्या आणि दुबळ्या कामगार संघटनांच्या राज्यांत हलले. विद्यापीठांच्या वाट्याला या भरभराटीचा हिस्सा किती आला, ते राज्यागणिक वेगळे आहे. आणि टेक्सासची गोष्ट तर कोणत्याही नियमात बसत नाही. टेक्सासच्या १८७६ च्या राज्यघटनेने आपल्या विद्यापीठासाठी दहा लाख एकर जमीन राखून ठेवली, आणि १८८३ मध्ये आणखी दहा लाख दिली. ऐकायला हे मोठे औदार्य. प्रत्यक्षात ती पश्चिम टेक्सासातली रेताड, निर्जल जमीन होती आणि चराईच्या भाड्यापलीकडे तिच्यातून काही निघत नव्हते. चांगली जमीन राज्याने इतर कामांसाठी ठेवली होती. मे १९२३ मध्ये त्याच जमिनीत, रेगन परगण्यात, सांता रिता नावाची विहीर खोदताना तेल लागले. अशक्य गोष्टींची संत म्हणून कॅथलिक लोक जिला भजतात, तिचे नाव विहिरीला दिले होते. तेव्हापासून या जमिनीतल्या तेलाचा पैसा कायमस्वरूपी निधीत जमा होतो आणि त्याचे उत्पन्न दोन भाग टेक्सास विद्यापीठ समूहाला आणि एक भाग टेक्सास ए अँड एम समूहाला, असे वाटले जाते. टेक्सास विद्यापीठ समूहाचा निधी आज हार्वर्डच्या खालोखाल मोजला जातो. उत्तरेतले एकही सरकारी विद्यापीठ या बाबतीत त्याच्या जवळपास नाही.

बाकीच्या राज्यांकडे असा तेलाचा निधी नव्हता. त्यांच्यापैकी काहींनी लॉटरी काढली. अमेरिकेत उच्च शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे. राज्याचे विद्यापीठ रहिवाशांना एक फी लावते आणि परराज्यातल्यांना दुसरी, जी दुप्पट, चौपट, कधी त्याहूनही जास्त असते. महाराष्ट्रात डोमिसाईलचा दाखला जागा मिळवून देतो, तर तिथे तो फीची पावती बदलतो. जॉर्जियाचे गव्हर्नर झेल मिलर यांनी १९९३ मध्ये होप शिष्यवृत्ती सुरू केली. राज्याच्या शाळेत बी श्रेणीची सरासरी राखणाऱ्या मुलाने जॉर्जियातच शिकायचे ठरवले, तर सरकारी विद्यापीठाची फी माफ, आणि खर्च राज्य लॉटरीच्या उत्पन्नातून. सुरुवातीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा होती. दोनच वर्षांत ती काढून टाकली. त्यामुळे अटलांटाच्या उपनगरांतल्या सुखवस्तू घरांनाही फुकट शिक्षण मिळू लागले. जी हुशार मुले एरवी ड्यूक, व्हर्जिनिया किंवा ईशान्येकडच्या विद्यापीठांत गेली असती, ती जॉर्जिया विद्यापीठाच्या गावी, अथेन्समध्ये राहिली. प्रवेशाची चुरस वाढली, परीक्षांचे सरासरी गुण वर गेले, आणि जॉर्जिया विद्यापीठ एका दशकात निवडक विद्यार्थ्यांचे विद्यापीठ होऊन बसले.

या योजनेचा अभ्यास त्याच विद्यापीठातल्या क्रिस्टोफर कॉर्नवेल आणि डेव्हिड मस्टर्ड या अर्थशास्त्रज्ञांनी केला. त्यांच्या निष्कर्षांपैकी एक बोलका आहे: होप शिष्यवृत्ती घेणारी मुले जास्त असलेल्या परगण्यांत मोटारींची नोंदणीही वाढली. फीचा वाचलेला पैसा अनेक घरांनी मुलाला गाडी घेऊन देण्यात घातला. लॉटरीची तिकिटे मात्र जास्त काढतात ती गरीब माणसे. म्हणजे गरिबांच्या खिशातून निघालेला पैसा उपनगरांतल्या गाड्यांपर्यंत पोहोचला, आणि ते शिक्षणाच्या नावाने झाले. तरीही योजना इतकी लोकप्रिय ठरली, की फ्लोरिडाने १९९७ मध्ये, साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना यांनी १९९८ मध्ये आणि टेनेसीने २००४ मध्ये आपापल्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. खर्च वाढला तेव्हा २०११ मध्ये जॉर्जियाला होपला कात्री लावावी लागली. पूर्ण फीमाफी त्यानंतर बरीच वर्षे फक्त वरच्या गुणांच्या मुलांपुरती उरली.

इथवर झालेला बदल राज्याच्या हुशार मुलांना घरी ठेवण्याचा होता. परराज्यातल्यांना बोलावण्याचा बदल वेगळ्या गरजेतून आला, आणि त्याचे ठळक उदाहरण अलाबामा आहे.

अलाबामात मालमत्ता कर देशातल्या सर्वात कमी करांपैकी एक. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, आणि लॉटरी सुरू करण्याचा प्रस्ताव १९९९ मध्ये मतदारांनीच फेटाळलेला. राज्याकडून पैसा वाढण्याची आशा नव्हती. रॉबर्ट विट २००३ मध्ये टस्कलूसाच्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले तेव्हा तिथे सुमारे वीस हजार विद्यार्थी होते. विट यांनी वाढीलाच धोरण केले: विद्यार्थी वाढले की फी वाढेल, फीतून वसतिगृहे, प्रयोगशाळा, क्रीडांगणे होतील आणि त्यांना पाहून आणखी विद्यार्थी येतील. राज्यातून तेवढी मुले मिळणे शक्य नव्हते, म्हणून नजर बाहेर गेली. विद्यापीठाने देशभरच्या महानगरांत स्वतःचे प्रतिनिधी नेमले. ते शाळाशाळांतून फिरतात. शिवाय शिष्यवृत्तीचे एक साधे कोष्टक छापले: शाळेतली सरासरी इतकी आणि प्रवेशपरीक्षेचे गुण तितके, की इतके हजार डॉलर आपोआप मिळणार. वरच्या श्रेणीत ही रक्कम वर्षाला वीस हजारांच्याही पुढे जाते. उत्तरेतल्या खासगी महाविद्यालयात प्रत्यक्ष किती फी भरावी लागेल, हे एप्रिलमध्ये पत्र हातात पडेपर्यंत कळत नाही. अलाबामात ते आदल्या वर्षीच कळते. आईबापांच्या दृष्टीने या निश्चिततेचे मोल फार. अनेक निरीक्षक सवलतीच्या आकड्याबद्दल बोलतात आणि ही बाब सोडून देतात.

विट यांचे धोरण फळले. विद्यार्थिसंख्या २०१० मध्ये तीस हजारांच्या पुढे गेली आणि २०२४ मध्ये चाळीस हजारांच्या वर पोहोचली. पदवीपूर्व विद्यार्थ्यांत आज निम्म्याहून अधिक परराज्यातले आहेत. २००८ च्या मंदीत राज्यांनी विद्यापीठांची अनुदाने कापली, तेव्हा हाच मार्ग इतरांनीही धरला. मिसिसिपी, साउथ कॅरोलायना, अलाबामातलेच ऑबर्न, टेनेसी या विद्यापीठांनी परराज्यातल्या फीकडे मिळकतीचे मुख्य साधन म्हणून पाहायला सुरुवात केली. परराज्यातल्या मुलाला दहा-पंधरा हजारांची सवलत देऊनही तो रहिवाशाइतके किंवा जास्तच पैसे देतो. खोलीचे भाडे, भोजनालय, फुटबॉलची तिकिटे आणि पुढे माजी विद्यार्थी म्हणून देणगी, ही मिळकत वेगळी.

उत्तरेच्या बाजूने पाहिले तर हिशेब असा. बॉस्टन विद्यापीठासारख्या खासगी संस्थेची नुसती शिकवणी फी वर्षाला ६६ हजार डॉलरच्या पुढे गेली आहे. मिशिगनच्या नामवंत सरकारी विद्यापीठात परराज्यातल्या मुलाला साठ हजारांच्या आसपास मोजावे लागतात. पेनसिल्व्हेनियातल्या रहिवाशालाही पेन स्टेटच्या मुख्य आवारात वीस हजारांच्या आसपास फी पडते, कारण ते राज्य उच्च शिक्षणावर हात राखून खर्च करते. दुसरीकडे फ्लोरिडा विद्यापीठाची रहिवाशांसाठीची फी सुमारे ६,४०० डॉलर आहे आणि ती दशकाहून अधिक काळ तिथेच ठेवली आहे. शिष्यवृत्ती मिळवून अलाबामात गेलेल्या इलिनॉयच्या मुलाचा खर्च स्वतःच्या राज्यातल्या विद्यापीठाएवढा किंवा त्याहून कमी होतो. न्यू जर्सी आणि इलिनॉय ही राज्ये वर्षानुवर्षे जितकी मुले बाहेर पाठवतात तितकी बाहेरून आणू शकत नाहीत. तिथल्या सरकारांनी आपल्या विद्यापीठांच्या फी चढू दिल्या. दक्षिणेने फक्त आयते गिऱ्हाईक उचलले.

सगळी दक्षिण मात्र परराज्यातल्यांसाठी सारखी खुली नाही, आणि हा भेद लक्षात न घेतल्यास चित्र चुकते. नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ मध्ये चॅपल हिलच्या आपल्या मुख्य विद्यापीठासाठी परराज्यातल्या नव्या विद्यार्थ्यांची मर्यादा १८ टक्के ठरवली आणि ती मोडल्यास आर्थिक दंडाची तरतूद केली. फ्लोरिडाने संपूर्ण विद्यापीठ समूहासाठी दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. टेक्सासात १९९६ च्या हॉपवुड खटल्याच्या निकालाने वंशाधारित प्रवेश बंद झाले. त्यावर उतारा म्हणून १९९७ मध्ये कायदा झाला, की राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश मिळेल. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी हा उंबरठा गर्दीमुळे पाच-सहा टक्क्यांवर आणावा लागला, आणि तिथल्या सुमारे नव्वद टक्के जागा टेक्सासच्याच मुलांकडे जातात. चॅपल हिल, ऑस्टिन आणि फ्लोरिडा विद्यापीठाचे गेन्सव्हिल इथे दिसणारी चुरस म्हणजे प्रामुख्याने आपल्याच राज्यातल्या मुलांची चुरस. ऑस्टिनमध्ये जागा न मिळालेली टेक्सासची मुले आर्कान्सा, लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा इथे जातात. आर्कान्सा विद्यापीठ तर शेजारच्या राज्यांतल्या मुलांना परराज्याच्या फीतली बरीच मोठी रक्कम माफ करते. जॉर्जियात नाकारलेली मुले ऑबर्न, अलाबामा आणि टेनेसी गाठतात. अलाबामातल्या परराज्यीयांत जॉर्जियाचा वाटा सर्वात मोठ्यांपैकी एक आहे. तेव्हा उत्तरेकडून येणारा लोंढा म्हणून जे वर्णन होते, त्यात दक्षिणेतल्या दक्षिणेत फिरणारी मुलेही भरपूर आहेत.

आता फुटबॉल. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या महासंघात आज सोळा विद्यापीठे आहेत आणि व्हँडरबिल्ट वगळता सर्व सरकारी. २००६ ते २०१२ या सात हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद सलग या महासंघाकडेच राहिले. निक सेबन २००७ मध्ये अलाबामाचे प्रशिक्षक झाले आणि २०२४ च्या जानेवारीत निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या विद्यापीठाला सहा विजेतेपदे मिळवून दिली. सामन्यांचे प्रक्षेपण म्हणजे दर शनिवारी तीन-चार तासांची फुकट जाहिरात. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असताना डग चंग यांनी केलेल्या अभ्यासानुसार एखाद्या विद्यापीठाचा संघ सामान्य पातळीवरून अव्वल झाला तर अर्ज सुमारे १८ टक्क्यांनी वाढतात, आणि त्याचा प्रभाव कमी गुणांच्या विद्यार्थ्यांवर अधिक असतो. अर्ज वाढले की नकार वाढतात, नकार वाढले की विद्यापीठ निवडक दिसते. निवडक दिसणाऱ्या विद्यापीठात शिकायला सगळ्यांनाच आवडते. पण अलाबामाने सेबन येण्याआधीच वाढीचा आराखडा आखला होता, आणि सामने जिंकणारी काही विद्यापीठे वाढलेली नाहीत, हेही इथे नोंदवायला हवे.

फुटबॉलभोवती उभे राहिलेले सामाजिक जीवन हा त्याचाच भाग: विद्यार्थ्यांची बंधुमंडळे, मुलींची भगिनीमंडळे, त्यांची मोठमोठी घरे. ऑगस्ट २०२१ मध्ये अलाबामातल्या भगिनीमंडळांच्या निवडसप्ताहाचे छोटे व्हिडिओ टिकटॉकवर देशभर पाहिले गेले आणि पुढच्या वर्षीच्या अर्जदारांना ते आवार घरबसल्या माहीत झाले. त्याच मंडळांनी २०१३ पर्यंत कृष्णवर्णीय मुलींना जवळपास प्रवेशच दिला नव्हता. विद्यार्थ्यांच्या द क्रिमसन व्हाइट या वृत्तपत्राने ते उघडकीस आणल्यावरच प्रथा मोडली.

कोविडच्या काळाने या ओघाला वेग दिला. २०२०-२१ मध्ये उत्तरेतली अनेक विद्यापीठे बंद राहिली किंवा पडद्यावर शिकवत राहिली. दक्षिणेत सगळे सुरळीत होते असे नाही: चॅपल हिलने ऑगस्ट २०२० मध्ये वर्ग उघडले आणि आठवड्याभरात पुन्हा बंद केले, टस्कलूसातही पहिल्या दोन आठवड्यांत हजाराहून अधिक विद्यार्थी बाधित झाले. पण बहुतेक आवारे चालू राहिली, मैदानांवर कमी संख्येने का होईना प्रेक्षक बसले. घरात कोंडलेल्या सतरा वर्षांच्या मुलांना ते चित्र दिसत होते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता का, हा वेगळा वाद; विद्यार्थी मिळवण्याच्या दृष्टीने तो लाभाचा ठरला.

पदवीनंतर काय, या प्रश्नाचे उत्तरही बदलले आहे, कारण लोकसंख्या आणि नोकऱ्या दक्षिणेकडे सरकल्या. २०२० च्या जनगणनेनंतर टेक्सासला प्रतिनिधिगृहात दोन जागा वाढल्या, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायना यांना एकेक. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इलिनॉय आणि मिशिगन यांची एकेक गेली. शार्लटमध्ये बँक ऑफ अमेरिकाचे मुख्यालय आहे. रॅले आणि डरहॅम यांच्यामधला संशोधन प्रकल्प १९५९ पासूनचा. मायकेल डेल यांनी १९८४ मध्ये ऑस्टिनमधल्या विद्यार्थी खोलीतून कंपनी सुरू केली. ओरॅकल आणि टेस्ला यांनी आपली मुख्यालये २०२० आणि २०२१ मध्ये त्याच शहरात हलवली. साउथ कॅरोलायनात बीएमडब्ल्यूचा आणि टस्कलूसाजवळ मर्सिडीजचा कारखाना १९९० च्या दशकापासून आहे. पूर्वी दक्षिणेत शिकलेला हुशार तरुण नोकरीसाठी उत्तरेला जाई. आता उत्तरेतून शिकायला आलेला अटलांटा, नॅशव्हिल किंवा डॅलसमध्ये स्थिरावतो, आणि ही शक्यता आईबाप प्रवेशाच्या वेळीच हिशेबात धरतात.

राजकारणाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी झाला. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक अधिकार काढून घेतल्यावर टेक्सास, अलाबामा, टेनेसी, मिसिसिपी इथे जवळपास पूर्ण बंदी आली. जॉर्जिया आणि नंतर फ्लोरिडा इथे सहा आठवड्यांची मर्यादा. टेक्सास, फ्लोरिडा आणि अलाबामा यांनी विद्यापीठांतली विविधता आणि समावेशन कार्यालये कायद्याने बंद केली, टेक्सासने प्राध्यापकांच्या कायम नेमणुकीच्या नियमांतही हात घातला. या कायद्यांनी विद्यार्थी पळतील अशी अनेकांची अटकळ होती. एकूण अर्जांच्या संख्येत ते दिसलेले नाही. किंमत आणि वातावरण यांपुढे अठरा वर्षांची बहुसंख्य मुले राज्याचे कायदे दुय्यम मानतात, असाच याचा अर्थ निघतो. प्राध्यापकांचे तसे नाही; पण त्यांच्या जाण्याचा परिणाम वर्गात दिसायला वेळ लागतो.

मराठी वाचकाला या विषयाशी जोडणारा धागा पदव्युत्तर शिक्षणाचा आहे. पुणे, मुंबई, नागपूर इथून अभियांत्रिकी करून एमएसला जाणाऱ्यांच्या यादीत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस आणि आर्लिंग्टन शाखा, टेक्सास ए अँड एम, जॉर्जिया टेक आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट ही नावे नेहमीची झाली आहेत. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, चीनपेक्षा जास्त. टेक्सासची एक तरतूद त्यांच्या खास उपयोगाची: स्पर्धेतून किमान एक हजार डॉलरची शिष्यवृत्ती मिळालेल्या परराज्यातल्या किंवा परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठ रहिवाशाच्या दराने फी लावू शकते. सल्लागारांच्या कार्यालयांत हा नियम पाठ असतो. याशिवाय डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा आणि रॅलेजवळचे कॅरी इथे वसलेल्या मराठी कुटुंबांची अमेरिकेत जन्मलेली मुले आता याच राज्यांची रहिवासी म्हणून ऑस्टिन, अथेन्स किंवा चॅपल हिलसाठी झगडतात. त्यांच्यासाठी दक्षिण हे घरच आहे.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली, तेही पाहायला हवे. नॉक्सव्हिलमध्ये टेनेसी विद्यापीठाला वसतिगृहे अपुरी पडल्याने हॉटेल भाड्याने घ्यावे लागले. अथेन्स आणि टस्कलूसा इथे विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या आलिशान सदनिकांनी स्थानिकांचे घरभाडे वर ढकलले. ओझान जकेट आणि करीना सालाझार या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की सरकारी विद्यापीठांचे प्रतिनिधी राज्याबाहेर भेटी देतात त्या शाळा बहुतांशी श्रीमंत आणि गोऱ्या वस्त्यांतल्या असतात. अलाबामाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय एक-चतुर्थांशाहून अधिक, त्या राज्याच्या मुख्य विद्यापीठात त्यांचे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी. गुणांवर आधारित शिष्यवृत्तीचा पैसा परराज्यातल्या सुस्थित मुलांना खेचण्यासाठी जातो, तेव्हा राज्यातल्या गरीब मुलांसाठी गरजेवर आधारित मदत त्या प्रमाणात कमी उरते. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षण आणि कृषिमंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून कळवले, की १८९० च्या कायद्यातली कृष्णवर्णीयांची विद्यापीठे तीन दशकांत एकंदर बारा अब्ज डॉलरांहून अधिक रकमेला मुकली आहेत. सर्वात मोठी तूट टेनेसी स्टेटची होती, दोन अब्जांच्या वर. त्याच टेनेसीचे नॉक्सव्हिल इथले विद्यापीठ उत्तरेतल्या मुलांचे आवडते आहे.

पुढचा काळ अवघड आहे. अमेरिकेत २००७ नंतर जन्मदर घसरला. पश्चिमेकडील राज्यांच्या उच्च शिक्षण आयोगाच्या अंदाजानुसार शाळा संपवणाऱ्यांची संख्या २०२५ च्या सुमारास ३९ लाखांवर शिखर गाठून २०४१ पर्यंत ३४ लाखांच्या आसपास उतरेल. ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागांतही तीव्र घट होईल, म्हणजे नेमकी जिथून टस्कलूसा आणि मिसिसिपी विद्यापीठाच्या ऑक्सफर्डला मुले मिळतात तिथे. ओस पडू लागलेल्या आपल्या वर्गखोल्या भरण्यासाठी उत्तरेतली विद्यापीठेही आता सवलती देऊ लागली आहेत. ज्या राज्यांनी परराज्यातल्यांवर मर्यादा घालून आपल्या मुलांना आधी जागा दिल्या, त्यांच्या विद्यापीठांना या घसरणीची फारशी झळ लागणार नाही. ज्यांनी राज्याचा कर न वाढवता बाहेरच्या फीवर इमारती उभारल्या, त्यांच्यावर मात्र कर्जाचे हप्ते आहेत, आणि ते दुसऱ्या राज्यांतल्या कमी होत जाणाऱ्या मुलांच्या भरवशावर आहेत. अलाबामाच्या करदात्याने स्वस्तात मिळवलेले हे मोठे विद्यापीठ खऱ्या अर्थाने त्याचे उरलेले नाही.